जुन्या चौकटीची साक्ष : १९२९ च्या सलून मोटारीच्या दारांचे प्रकरण

या प्रकरणातील मोटार १९२९ ची, चार दारांची, बंद छताची सलून आहे. तिची बॉडी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लाकडी सांगाड्यावर पोलादी पत्रा मढवून केलेली असून दारेही त्याच घडणीची आहेत : आत लाकडाची चौकट, बाहेरून एकसंध पत्रा आणि त्या पत्र्याची कड चौकटीच्या काठांवरून आत वळवून बारीक खिळ्यांनी ठोकलेली. संपूर्ण पोलादी बॉडी तेव्हा ठाऊक होतीच. डॉज बंधूंनी १९१४ मध्ये बड कंपनीकडून तशी बॉडी करून घेतली होती. पण मोठी दाबयंत्रे आणि साचे परवडावेत इतक्या मोटारी ज्या कारखान्यांतून निघत नव्हत्या, ते लाकडालाच धरून राहिले. एमजीच्या टी मालिकेतील मोटारी १९५५ पर्यंत याच पद्धतीने बनत होत्या आणि मॉर्गन अजूनही अ‍ॅशच्या लाकडाचा सांगाडा वापरते.

या मोटारीच्या घडणीतील एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळे तिच्याभोवती फिरते. प्रत्येक बाजूची पुढची आणि मागची अशी दोन्ही दारे एकाच मधल्या खांबावर टांगलेली आहेत. म्हणजे पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मागे आणि कुलूप पुढे, तर मागच्या दाराच्या बिजागऱ्या पुढे आणि कुलूप मागे. दोन जड दारांचा भार एकाच खांबावर आणि त्या खांबाचा भार दाराखालून जाणाऱ्या लाकडी सिलवर, अशी ही रचना आहे.

मालकांची तक्रार अशी होती की पुढची दोन्ही दारे उचलून धरल्याशिवाय लागत नाहीत, उजव्या पुढच्या दाराची काच अर्ध्यावर अडकते आणि डावे पुढचे दार खराब रस्त्यावर एकदा चालत्या गाडीत आपोआप उघडले होते. शेवटची गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. आम्ही मात्र तपासणी तिथूनच सुरू केली, कारण बिजागऱ्या मागे असलेले दार गाडी चालू असताना जरा किलकिले झाले की वारा ते मिटवण्याऐवजी सताड उघडतो.

"जुन्या चौकटी आहेतच, त्यांच्याबरहुकूम नव्या करून द्या, मग अडचण काय?" असे त्यांचे म्हणणे होते. अडचण नेमकी त्या 'बरहुकूम'मध्येच होती.

तपासणीत काय आढळले

दार उतरवण्याआधी ते जागेवर असतानाच मापे घ्यावीत, हा आमचा नियम आहे. एकदा बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झाले की अर्धा पुरावा नाहीसा होतो. डाव्या पुढच्या दाराची कुलुपाकडची बाजू बिजागरीकडच्या बाजूपेक्षा ९ मिलिमीटर खाली बसली होती. पुढच्या बाजूला वर बोट जाईल एवढी फट होती आणि खालचा कोपरा सिलवर घासून तिथला रंग उडाला होता. दार साधारण ८०० मिलिमीटर रुंद आणि १,०५० मिलिमीटर उंच आहे. एवढ्या आकाराची चौकट एका बाजूने ९ मिलिमीटर खचली तर तिच्या दोन कर्णांत सुमारे १४ मिलिमीटरचा फरक पडायला हवा. दार उतरवून कर्ण मोजले तेव्हा फरक १० मिलिमीटरच निघाला. उरलेले खचणे दाराचे नव्हते. ते खांबाचे होते, हा संशय इथेच आला.

पत्रा सोडवल्यावर खालची आडवी पट्टी उघडी पडली. पटाशीवर हातोडी मारण्याची गरजच पडली नाही. हाताने दाबताच ती तीन बोटे आत गेली आणि बाहेर आला तो तपकिरी, ओलसर भुगा. कोपऱ्यांतले जोड केवळ पत्र्याच्या आधाराने एकत्र होते. मूळ सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांचा, म्हणजे ओल लागली की सुटणारा. खिळ्यांभोवतीचे लाकूड काळे पडून कुजले होते, कारण गंजणारे लोखंड आपल्या आसपासचे ओले लाकूडही हळूहळू खाते.

पाणी आले कुठून, हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. अशा दारांत काचेच्या कडेने थोडे पाणी आत जाणारच. ते खालून वाहून जावे म्हणून तळाला भोके ठेवलेली असतात. या दाराला तशी तीन भोके होती आणि पूर्वीच्या कोणत्यातरी दुरुस्तीत तिन्ही भोके लांबीने, म्हणजे पुट्टीने बुजवून वर रंग दिला होता. त्याच दुरुस्तीत सैल कोपरे घट्ट करण्यासाठी आतून पोलादी काटकोनी पट्ट्या मारल्या होत्या. लाकूड थोडे हलते आणि पट्टी हलत नाही, त्यामुळे प्रत्येक पट्टी जिथे संपते तिथे लाकडाला चीर गेली होती.

चालत्या गाडीत दार का उघडले, त्याचेही उत्तर इथेच मिळाले. या काळातल्या मोटारींत कुलुपाजवळ डोव्हटेल असते : खांबावर एक पाचरीसारखा उंचवटा आणि दारात त्याची खोबण. दार मिटले की पाचर खोबणीत शिरते आणि दाराचे वजन तोलून धरते, म्हणजे कुलुपाच्या जिभेला फक्त दार मिटून ठेवण्याचे काम उरते. दार खचल्यावर पाचर आणि खोबण एकमेकांसमोर येईनात, म्हणून कोणीतरी पाचरच काढून टाकली होती. तेव्हापासून खचलेल्या दाराचे सगळे वजन कुलुपाच्या जिभेवर येत राहिले, जीभ गोलसर झिजली आणि एका मोठ्या खड्ड्यात ती निसटली. बुजवलेली भोके आणि उघडलेले दार यांच्यामधली साखळी एवढी सरळ असेल, असे आम्हाला सुरुवातीला वाटले नव्हते.

शेवटी मधला खांब. त्याचे मूळ सिलमध्ये जिथे रोवलेले आहे तिथे सिल सुमारे २०० मिलिमीटर लांबीत कुजला होता आणि खांब ४ मिलिमीटर खाली बसला होता. सिलचा तेवढा भाग कापून, लांब तिरक्या सांध्याने नवे लाकूड जोडून खांब मूळ उंचीवर आणला. हे काम दोन्ही बाजूंना करावे लागले. त्याचे तपशील इथे देत नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे : ज्यावर दार टांगायचे ते स्थिर झाल्याशिवाय दाराच्या मापाला काही अर्थ नसतो.

चार दारांपैकी पुढच्या दोन चौकटी पूर्ण नव्या करायच्या, उजव्या मागच्या चौकटीचा फक्त खालचा भाग बदलायचा आणि डाव्या मागच्या चौकटीचे जोड उकलून पुन्हा चिकटवायचे, असे ठरले. चारही नव्या केल्या असत्या तर काम सोपे झाले असते. पण ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिवाची ट्युरिन सनद ज्या भूमिकेवर उभी आहे, ती आम्हालाही पटते. जे टिकू शकते ते टिकवावे, जे बदलले ते शक्यतो परत काढता येईल असे असावे आणि नवा भाग मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा. म्हणून प्रत्येक नव्या तुकड्यावर आतल्या बाजूला, डोळ्यांना सहज दिसणार नाही अशा जागी, वर्षाचा ठसा मारला.

तीन साक्षीदार

चौकटीचा मूळ आकार सांगू शकतील असे तीन साक्षीदार आमच्याकडे होते : जुनी चौकट, दाराचा पत्रा आणि बॉडीतील दाराची मोकळी जागा. तिघांचे म्हणणे जुळत नव्हते.

जुनी चौकट सर्वांत कमी विश्वासाची. ती वाकलेली होती, कुजून आखडली होती आणि दोन दुरुस्त्यांत तासली गेली होती. तरीही ती टाकून देण्यासारखी नव्हती. कोणता जोड कुठे आहे, कुलुपासाठी खाच किती खोल आहे, काच वर-खाली करणारे यंत्र कोणत्या पट्टीवर बसते, आतल्या अस्तराचे खिळे कुठे होते, हे सगळे तीच सांगत होती. काचेच्या खालच्या आडव्या पट्टीच्या आत, जिला आम्ही कमरपट्टी म्हणतो, पटाशीने मारलेल्या दोन उभ्या रेघा सापडल्या, आणि तशाच दोन रेघा बिजागरीकडच्या उभ्या पट्टीवरही होत्या. कोणती पट्टी कोणत्या दाराची हे कळावे म्हणून मूळ सुताराने केलेली ही खूण असावी.

पत्रा अधिक भरवशाचा. पोलाद ओलीने आखडत नाही, आणि कारागिराने ज्या रेषेवर त्याची कड वळवली ती रेष गंज लागेपर्यंत जागची हलत नाही. वरच्या तीन बाजूंची वळणरेषा स्वच्छ होती. खालचे ७० मिलिमीटर मात्र गंजून चाळणी झाले होते. तिसरी साक्षीदार मोकळी जागा. दार बसायचे आहे ते तिथेच, म्हणून शेवटचा शब्द तिचा. पण ही जागा गाडी कशी उभी आहे त्यावर बदलते, आणि ते मला पुरेसे लक्षात राहिले नाही.

डाव्या आणि उजव्या बाजूच्या जागांत रुंदीचा ६ मिलिमीटर फरक होता. हाताने बांधलेल्या बॉडीत यात नवल नाही. एका बाजूचा फर्मा उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरण्याचा मोह मात्र तिथेच संपला. दोन्ही दारांचे प्लायवुडचे फर्मे स्वतंत्र केले.

लाकूड आणि वळण

मूळ लाकूड अ‍ॅश होते. क्रिकेटच्या यष्ट्या आणि हत्यारांचे दांडे ज्याचे करतात तेच हे लाकूड : लांब सरळ रेषांचे, चिवट, धक्का पचवणारे, स्क्रू घट्ट धरणारे. त्याचा दोष एकच, पण मोठा. ओलीपुढे ते टिकाव धरत नाही. कुजण्याला तोंड देण्याच्या युरोपीय मानकात त्याची गणना सर्वांत खालच्या, पाचव्या वर्गात होते. सागवान वापरावे असा आग्रह मालकांनी धरला आणि तो अगदीच गैर नव्हता, कारण सागवान ओलीला पुरून उरते. पण त्यातील नैसर्गिक तेलामुळे सरस चिकटवण्याआधी प्रत्येक सांधा द्रावकाने पुसावा लागतो, आणि वारंवार आपटण्याच्या, पिळवटण्याच्या कामात अ‍ॅशची चिवटाई त्यात नसते. ओकचा विचार आम्ही केलाच नाही. त्यातील आम्लामुळे पोलादी स्क्रू आणि पत्रा खराब होतात. शिवाय मूळ चौकट नव्वदहून अधिक वर्षे टिकली आणि कुजली ती भोके बुजवल्यामुळे. दोष लाकडाचा नसताना लाकूड का बदलावे, हे माझे मत मालकांनी अखेर मान्य केले.

खरा पेच कुलुपाकडच्या उभ्या पट्टीचा होता. या मोटारीची बाजू कमरपट्टीच्या खाली आतल्या अंगाला वळते. सुमारे ६०० मिलिमीटर लांबीत पट्टी ३८ मिलिमीटर आत झुकते. मूळ सुताराने हा बाक रुंद फळीतून करवतीने कापून काढला होता. त्यात बाकाच्या मध्यावर लाकडाचे रेषे पट्टीच्या लांबीला तिरपे जातात आणि पट्टी तिथेच दुबळी होते. जुनी पट्टी तडकली होती तीही नेमकी तिथेच. वाफेवर वाकवणे हा दुसरा मार्ग. त्यासाठी दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण तासभर वाफ द्यावी लागते आणि लाकूड हवेवर सुकवलेले, थोडी ओल राखून असलेले हवे. आमच्याकडचे लाकूड भट्टीत सुकवलेले होते, ते वाफेला नीट दाद देत नाही. दोन तुकडे प्रयोगादाखल वाकवले. एक बाहेरच्या अंगाने सोलून निघाला, दुसरा साच्यातून काढताच निम्मा सरळ झाला.

शेवटी पातळ पट्ट्या चिकटवून बाक साधायचे ठरले. तीन मिलिमीटरच्या बारा पट्ट्या इपॉक्सी लावून साच्यावर आवळल्या आणि दोन दिवस तशाच ठेवल्या. पट्ट्या जितक्या जास्त आणि पातळ, तितका बाक साच्याबाहेर आल्यावर कमी उलगडतो. पहिली पट्टी दीड मिलिमीटर उलगडली, म्हणून साचा तेवढा जास्त वळवून दुसरी केली आणि ती फर्म्याला तंतोतंत लागली. ही पद्धत १९२९ ची नव्हे, हे उघड आहे. पण पट्टी अस्तराआड जाते, मूळ लाकडाचीच आहे, ठशामुळे ओळखता येते, आणि ज्या जागी मूळ पट्टी तडकली तिथे आता रेषे सलग जातात. दार अंगावर उघडण्याचा प्रसंग एकदा येऊन गेलेल्या मोटारीत मी शुद्धतेपेक्षा हा फायदा मोलाचा मानला. वेगळे मत असणारे कारागीर आहेत आणि त्यांचे म्हणणे मला समजते.

बाकीच्या पट्ट्या सरळ होत्या. मूळ जोड जसे होते तसेच ठेवले : वरच्या कोपऱ्यांत दोन्ही पट्ट्या निम्म्या जाडीने कापून एकमेकींवर बसवलेल्या, खालच्या कोपऱ्यांत एकीचे पातळ केलेले टोक दुसरीच्या आरपार चौकोनी खाचेत. जोड करताना फट राहिली तर इपॉक्सी ती भरून काढते, म्हणून हात सैल सोडण्याची सवय लागते. आम्ही ती लागू दिली नाही. सरस न लावता चौकट उचलली तरी ती स्वतःचे वजन पेलेल, एवढे जोड घट्ट केले.

पहिल्या दाराची चूक

कामाची सुरुवात डाव्या पुढच्या दारापासून केली. इंजिन आणि गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी बाहेर काढलेले होते, बैठका उतरवलेल्या होत्या आणि गाडी चार स्टँडवर होती. स्टँड चॅसीच्या, म्हणजे बॉडीखालच्या पोलादी सांगाड्याच्या लांब पट्ट्यांखाली, दोन्ही अ‍ॅक्सलच्या आतल्या बाजूला लावले होते. वाकून काम करायला ते सोयीचे पडत होते.

चौकट किती लहान ठेवायची याचा हिशेब असा. दार रंगून तयार झाल्यावर भोवती ४ मिलिमीटरची सारखी फट हवी होती. चौकटीच्या काठावरून वळणारा पत्रा ०.९ मिलिमीटर जाडीचा. दार आणि खांब या दोन्हींवर प्रायमर, लांबी व रंग यांचा मिळून थर चढतो, तो प्रत्येकी पाव मिलिमीटर धरला. बेरीज ५.४ होते. म्हणून साडेपाच मिलिमीटर जाडीच्या लाकडी चिपा कापून त्या चौकटीभोवती खोचल्या आणि चौकट मोकळ्या जागेत उभी केली. हा हिशेब न केल्याने कच्चे असताना सुरेख बसणारे दार रंगानंतर कड घासू लागते. दुसऱ्यांकडून आलेल्या गाड्यांत हे मी बरेचदा पाहिले आहे.

कुलुपाकडची कड सरळ काटकोनात ठेवून चालत नाही, हेही इथे सांगायला हवे. दार ४५ मिलिमीटर जाड आहे. बिजागरीचा आस बाहेरच्या पृष्ठाला लागून असेल तर ८०० मिलिमीटर रुंद दाराचा आतला कोपरा उघडताना ८०१.३ मिलिमीटरचा वर्तुळखंड काढतो, म्हणजे दाराच्या रुंदीपेक्षा १.३ मिलिमीटर जास्त. तेवढी फट तो खातो. म्हणून ही कड आतल्या बाजूला रंध्याने किंचित तिरकी घ्यावी लागते.

बिजागऱ्या तीन होत्या आणि खांब बाकदार, त्यामुळे तिन्ही एका रेषेत आणण्यासाठी प्रत्येकीखाली वेगळ्या जाडीची बैठक लागते. आम्ही तिन्ही बिजागऱ्यांच्या खिळी काढून त्यांच्या भोकांतून एकच सरळ, घासून गुळगुळीत केलेली पोलादी सळई ओवली. सळई बोटांनी फिरवता येईपर्यंत खाचा तासत गेलो. सळई अडते ती जागा तासायची, पुन्हा ओवायची, पुन्हा फिरवायची. या एका कामात दीड दिवस गेला. तीन बिजागऱ्या जराशा जरी एकमेकींशी भांडत असतील तरी दार उघडताना दरवेळी चौकट पिळली जाते आणि काही वर्षांत जोड सुटतात, म्हणून तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

चौकट बसली. चिपा काढल्या, दार एका बोटाने फिरत होते, फट सगळीकडे सारखी होती. आम्ही सरस लावून जोड पक्के केले.

तीन आठवड्यांनी इंजिन बसले आणि गाडी प्रथमच स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. डाव्या दाराची चौकट वरच्या बाजूला खांबाच्या बरीच जवळ आली होती. साडेपाच मिलिमीटरची फट कुलुपाच्या बाजूला वर तीन मिलिमीटरच राहिली होती, खाली मात्र ती तशीच होती. बैठकीवर दोघे बसले तेव्हा ती आणखी अर्धा मिलिमीटर मिटली.

चूक माझी होती. त्या काळची चॅसी म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि मधल्या काही आडव्या पट्ट्या. ती शिडीसारखी लवते. स्टँड मध्याकडे असताना तिची टोके अ‍ॅक्सलच्या वजनाने खाली झुकतात, पाठ वर येते आणि दारांच्या जागा वरच्या अंगाला फाकतात. तीच गाडी चाकांवर आली की आधार टोकांना जातो, मध्य दबतो आणि त्याच जागा वर आवळतात. मी चौकट नीटच केली होती, पण ती केली होती एका अशा मोकळ्या जागेसाठी, जी गाडी रस्त्यावर असताना कधी अस्तित्वातच नसते. हे लवणे त्या काळच्या कारागिरांना चांगले माहीत होते. वेमन या बॉडी बांधणाऱ्याच्या पद्धतीत तर लाकडाचे तुकडे एकमेकांना टेकूच न देता मध्ये बारीक फट ठेवून पोलादी पट्ट्यांनी जोडत आणि वर कापड मढवत, ते सांगाड्याला न करकरता लवता यावे म्हणूनच.

चौकट पुन्हा करायची की जागा सुधारायची, हा निर्णय घाईने घेतला नाही. गाडी चाकांवरच ठेवली, पुढच्या दोन बैठकांच्या जागी ७० किलोची वाळूची पोती एकेक ठेवली, टायरमध्ये हवा योग्य दाबाची भरली आणि मग सगळ्या जागा नव्याने मोजल्या. उजव्या बाजूलाही जवळपास तेवढाच फरक पडला होता. बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये बोल्टच्या जागी जाड चामड्याच्या चकत्या असतात. जुन्या चकत्या दबून असमान झाल्या होत्या. मधल्या खांबाखालच्या दोन्ही जागी नव्या, २ मिलिमीटरने जाड चकत्या घातल्या. मध्य उचलला गेला, दारांच्या जागा वरून उघडल्या आणि डाव्या चौकटीची वरची फट पावणेपाच मिलिमीटरवर आली. उरलेले पाऊण मिलिमीटर रंध्याने तासून काढले. चकत्यांनी सगळेच साधता आले असते, पण त्याहून जास्त उचलले तर छताच्या सांध्यावर ताण येतो आहे असे पुढच्या काचेच्या कोपऱ्यावरून दिसत होते.

उजवी पुढची चौकट अर्थातच चाकांवर आणि पोत्यांसकट केली. ती पहिल्याच खेपेत बसली.

पत्रा चढवणे

पत्र्याचे काम करणाऱ्या सहकाऱ्याने खालची ७० मिलिमीटरची गंजकी पट्टी कापून त्याच जाडीची नवी पट्टी जोडली. वेल्डिंग चौकट आत घालण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण उष्णतेने लाकूड जळते आणि इपॉक्सी मऊ पडतो. पत्रा ताणून वाकडा होऊ नये म्हणून त्याने टाके विखरून, थांबत थांबत घातले आणि फुगलेला भाग हातोडी व डॉलीने, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने बसवला. चौकट पत्र्यात सरकवण्याआधी लाकडाच्या सर्व तोडलेल्या टोकांना बुरशीनाशक द्राव आणि मग पातळ इपॉक्सीचे दोन हात दिले. पाणी शोषले जाते ते टोकांतून. पट्टीच्या बाजूंतून फारच थोडे.

जुन्या पत्र्याची कड एकदा १९२९ मध्ये वळली, एकदा आम्ही उघडली आणि आता पुन्हा वळायची होती. पोलाद तिसऱ्या वळणाला तडकते. म्हणून कड उघडताना ती पूर्ण सपाट न करता चौकट निसटण्यापुरतीच फाकवली होती. तरी डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात दोन चिरा गेल्या आणि त्या भरून घ्याव्या लागल्या. कड वळवताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ नये. चारही बाजू थोड्या थोड्या करून, दर फेरीत कर्ण मोजत पुढे जावे, नाहीतर ठोकाठोकीने चौकटच पिळते. दुसऱ्या फेरीनंतर उजव्या दाराच्या कर्णांत २ मिलिमीटर फरक दिसला, तेव्हा ठोकणे थांबवून ते दार जागेवर टांगले, कोपऱ्यात पाचर मारून सरळ केले आणि उरलेली कड तिथेच वळवली.

डोव्हटेलच्या पाचरी नव्या करून बसवल्या, कुलुपांच्या जिभा भरून मूळ आकारात आणल्या, तळाची भोके उघडून त्यांच्या कडांना पितळी नळ्या लावल्या. काचेच्या खाचेतील नमदा बदलला. उजव्या काचेचे अडकणे चौकट सरळ होताच नाहीसे झाले. तिचे यंत्र मुळात ठीकच होते.

पुढील नोंदी

काम संपल्यावर वर्षभर, दर तीन महिन्यांनी, फटी त्याच बारा ठिकाणी मोजल्या. गाडी दरवेळी चाकांवर आणि रिकामी होती. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही, आडव्या दिशेने मात्र हलते. ९० मिलिमीटर रुंद खालच्या पट्टीतील ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर ती सुमारे एक मिलिमीटर फुगू शकते. दमट महिन्यांत दोन्ही पुढच्या दारांच्या खालची फट अर्धा ते पाऊण मिलिमीटर कमी झाली आणि कोरड्या महिन्यांत परत आली. बाजूच्या फटी हलल्या नाहीत. कर्ण मोजण्यासाठी अस्तर उघडावे लागते म्हणून ते एकदाच, वर्षअखेरीस मोजले : डाव्या दारात फरक नाही, उजव्यात अर्धा मिलिमीटर.

डावे मागचे दार, ज्याचे फक्त जोड पुन्हा चिकटवले होते, ते आठव्या महिन्यात करकरू लागले. अस्तर उघडून पाहिले तर आवाज जोडांतून नव्हता. काचेच्या यंत्राचा एक स्क्रू नव्वद वर्षांपूर्वीच्या भोकात सैल झाला होता. भोकात अ‍ॅशची खुंटी सरस लावून ठोकली आणि स्क्रू परत पिळला. मधल्या खांबाखालच्या दोन जाड चकत्यांची नोंद गाडीच्या कागदपत्रांत केली आहे, कारण पुढे कोणी बॉडी उचलली आणि त्यांच्या जागी साध्या चकत्या बसवल्या, तर चारही दारे एकाच दिवशी घासू लागतील आणि दोष चौकटींवर येईल.